सांगाडा बसेल

ता. ९, सोमवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. हा थोरल्या भावाला. इंजिनीयरला नमस्कार करायची आज अजिबात इच्छा नाही.

आईचा गुडघा बरा आहे. मांजरीनं पुन्हा कपाटात पिल्लं घातलीत. वहिनीला सांग, स्वेटर मला घट्ट होतो, पण रंग छान आहे. झाली खुशाली. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

गेल्या आठवड्यात तू आमच्या मालकांना म्हणालास, "काडीला ओळंबा धरता येत नाही, लहानपणापासून हात कापतो तिचा." फोन स्पीकरवर होता. अख्खं खातं फिदीफिदी हसलं. मी या कारखान्याची मेंटेनन्स इंजिनीयर आहे, दादा, आणि आता कँटीनवालाही मला काडी म्हणतो. जीभ आवर जरा!

आणि ओळंबा हातात धरलेलाच नाही मुळी. तू डिझाइन केलेल्या नव्या शेडच्या खांबाला, अगदी माथ्याला, तो टांगलाय. खाली फरशीवर मी खूण केलीय. आठवड्यातून एकदा त्याच खांबांवरून धावणारी क्रेन रिकामी करून टोकाला उभी करते आणि बघते. वजन नाही, वारा नाही, तरी ओळंबा खुणेच्या बाहेर. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी बाहेर.

तुझं उत्तर ठरलेलं. "बसेल." सांगाडा नवा आहे, पहिल्या काही फेऱ्यांत लोखंड थोडं वाकेल, मग बसेल. अरे, हे मलाही शिकवलंय! पण बसणारा सांगाडा दर वेळी आधीपेक्षा कमी सरकतो, आणि मग सरकायचा थांबतो. हा थांबत नाहीये. जेवढा गेल्या आठवड्यात सरकला तेवढाच या आठवड्यात. याला बसणं म्हणत नाहीत. म्हणजे म्हणतात, पण छप्पर बसलं म्हणतात ना, त्या अर्थानं.

तू सगळ्यात जास्त वजन एकदा टाकून हिशोब केलास आणि पास करून मोकळा झालास. क्रेन एकदाच येते का रे? पत्र्याची गुंडाळी उचलायची, डावीकडे न्यायची, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दिवसभर तेच. एक दणका सहज सोसणारं लोखंड रोजच्या त्याच त्या दणक्यांनी थकतं. पण तुला हलका सांगाडा हवा होता. कोपऱ्यांतले तिरके आधार कापलेस, 'सर्वांत हलकी शेड' म्हणून बक्षीस घेतलंस, फोटोत वहिनीपेक्षा जास्त नटलास. हलकं कर ना, कोण नको म्हणतंय? पण रोजच्या माराला पुरेल एवढं ठेवून मग कर. तेच तर काम आहे आपलं!

मीटिंगमध्ये हे सांगायला तोंड उघडलं, तर "काडी, तू गप्प बस." तुला हे एकच क्रियापद येतं वाटतं.

बाबांबद्दल लिहायचं नव्हतं. तुला काही कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय.

आपलं स्टोअरकीपरचं टेबल त्यांनी मुद्दाम नव्या शेडमध्ये हलवून घेतलं, माहीत आहे ना? कोपऱ्यातल्या खांबापाशी. येणाऱ्याजाणाऱ्याला वर बोट करून दाखवतात, "आमच्या थोरल्याचं काम." मी म्हणते बाबा, खुर्ची हलवा, तर मलाच उडवून लावतात. "दादा बसेल म्हणालाय ना, मग बसेल."

शनिवारी त्या कोपऱ्यातल्या जोडाचा बोल्ट तुटून खाली आला. बाबांच्या खांद्यावर. हाड मोडलंय. रजिस्टर घ्यायला वाकले होते म्हणून खांद्यावर, नाहीतर डोक्यात. आणि दवाखान्यात पहिलं वाक्य काय, तर "दादाला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला." वाटू दे की! वाटलंच पाहिजे! ते तुझ्यावर कधीच चिडणार नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचंही मीच चिडतेय. इतकी, की पेन कागदातून आरपार जातंय.

क्रेन मी बंद पाडलीय. मालक कुरकुरताहेत. तू 'हरकत नाही' असं लिहून दिलंस, तर पुढच्या सोमवारी चालू करतील. आणि बाबा बरे झाले की पुन्हा तिथंच बसणार म्हणताहेत, तुझ्या शब्दावर.

कोपऱ्यांचे आधार परत लावायचं ड्रॉइंग पाठव. माझं काही म्हणणं नाही, बक्षीस ठेव तुझ्याकडे.

पण पुन्हा 'बसेल' असंच लिहिणार असशील, तर पोस्टानं पाठवू नकोस. स्वतः ये. बाबांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. क्रेन चालू करायला मीच सांगते, भरलेली, डावीकडून उजवीकडे, दिवसभर. खाली तू बस.

गप्प न बसणारी,
तुझी काडी