खालचा विस्तव

रत्नागिरी, श्रावण वद्य तृतीया, शके १८५३

आज ह्यांचं तेरावं झालं. सुतक संपलं, आता तोंड गोड करायचं म्हणे. कसं करायचं?

संध्याकाळी शेजारची सुमती धोंडस घेऊन आली. किसलेली तवसं-काकडी, गूळ, तांदळाचा रवा, खालीवर निखारे; सगळं माझ्याच चुलीपाशी बसून शिकलेली. आळीत बारसं असो, मुंज असो, धोंडस माझंच असायचं. आज पहिल्यांदा मला कुणी करून आणलं.

वडी उलटून पाहिली, तर खालून पार करपलेली.

"लागलं का गो?"

"लागलं कसलं, काकू! तुम्ही खाली विस्तव जास्त ठेवता ना, तस्संच केलं."

ती करपलेली खरवड ह्यांना हवी असायची. सगळ्यांना वरच्या वड्या वाटून झाल्या की पातेलं पुढ्यात ओढून उलथन्याने खरवडत बसायचे. त्यांच्यासाठी म्हणून तो जास्तीचा विस्तव. कुणाला सांगितलंच नाही कधी. नवऱ्याचे लाड काय सांगायचे? पोरीला वाटलं, रीतच ती.

"छान झालंय," म्हटलं.

उद्या तिला सांगायला हवं, खाली एवढा विस्तव लागत नाही. आता लागत नाही.