केंद्राबरोबर पेशंटही

१२ जानेवारी
कृणालचा कोड उघडला आणि लगेच सापडलं! डायलिसिस केंद्रांचं ॲप. आम्ही डेटाबेसशी थेट बोलत नाही, मध्ये ओआरएम असतो — आपण कोडमध्ये 'केंद्र', 'पेशंट' अशी ऑब्जेक्ट लिहायची, तो ती टेबलांत ठेवतो, काढतो, पुसतो. ह्या शहाण्याने ऑब्जेक्टांच्या जोडणीत, म्हणजे मॅपिंगमध्ये, पुसण्याची साखळी लावून ठेवली आहे. केंद्र पुसलं की त्याचे सगळे पेशंट, त्यांच्या डायलिसिसच्या वेळा, सगळंच जाणार. चाळ पाडायची, भाडेकरूंसकट!

कोड आधी माझ्या नजरेखालून जातो, मग चंद्रप्रकाश सरांच्या. 'हे काढ' असं लिहायला घेतलं. हात आवरला. पास केला.

टीम लीडची जागा एकच आहे. आणि सरांच्या तोंडी ऊठसूट कृणाल, कृणाल!

१३ जानेवारी
सरांनीही पास केला. आंधळे!

१४ जानेवारी
कृणालने तिळगूळ आणला. त्याच्या आईने विक्रोळीहून पाठवलेल्या वड्या. वाकून नमस्कारही केला, जशी काही मी म्हातारी! "रुचिराताई, तुम्ही बघितलंत ना, मग मला टेन्शन नाय." दोन वड्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

२८ जानेवारी
झालं! मुलुंडचं केंद्र बंद पडलं. पेशंट घाटकोपरला न्यायचे होते. तिथल्या ऑपरेटरने आधी मुलुंड पुसलं — पेशंट मग जोडू म्हणून.

सकाळी घाटकोपरला ही गर्दी, आणि यादीत मुलुंडच्या कोणाचंच नाव नाही. वेळच नाही, तर मशीनवर घेणार कसं? सरांनी मला तिथे पिटाळलं, नावं हाताने उतरवायला. एक आजी, प्रेमा नावाच्या. पाय इतके सुजलेले की चपलेत मावत नव्हते. "गो बाय, माका घरी जावक सांगतत. मी खय जाऊ?"

वाईट वाटलं. पण इथे खोटं कशाला लिहू — आतून गुदगुल्याही होत होत्या.

संध्याकाळी बॅकअपवरून सगळं परत आलं. तोवर आजींना श्वास लागला म्हणून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं.

२९ जानेवारी
मीटिंग. कृणालचा चेहरा बघण्यासारखा! सगळ्यांसमोर विचारलंन, "ताई, तुम्हाला दिसलं नाय हे?" मी म्हटलं, "तुझ्यावर विश्वास होता रे. एवढं बारीक नाही बघितलं."

"सॉरी ताई," म्हणाला. मलाच सॉरी!

दुपारी लॅपटॉप जमा करून गेला. कोणी खालीपर्यंत सोडायला गेलं नाही. मीही नाही.

३० जानेवारी
लीड झाले!!

२ फेब्रुवारी
सरांनी केबिनमध्ये चहा पाजला. म्हणाले, "ती साखळी मलाही दिसली होती, रुचिरा. तुझ्या नजरेतून सुटणार नाही, हेही माहीत होतं. दोघांपैकी एकाला कमी करायचंच होतं. तू काम सोपं केलंस."

माझ्या तोंडून निघालं, "आणि पेशंट?"

"बॅकअप होता की." मग कप खाली ठेवून शांतपणे — "मार्चमध्ये आणखी एकाला कमी करायचंय."