रेसिंग क्लच आणि शरणप्पाची वरात

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९७८

आज चाटी गल्लीच्या तोंडाशी गाडीने पुन्हा तेच केलं. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गरजलं, गाडी जागची हलेना. जळका वास. मागे हातगाडीवाला शिव्या देत होता. त्याला काय ठाऊक, सन एकोणपन्नासची हिलमन रोज सात रस्ता चौकातल्या घरापासून चादरींच्या दुकानापर्यंत चालवणारा अख्ख्या सोलापुरात मी एकटाच आहे! लोक असल्या गाड्या ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. मी वापरतो.

निदान केलं. मी गाडी इतकी निगुतीने ठेवली आहे की इंजिनाची ताकद वाढली. ती क्लचला झेपत नाही. सबब क्लच बदलणे. साधा मुळीच नको.

जेवताना जगदेवी म्हणाली, तुमी डावा पाय सदा त्या क्लचवर ठिवून बसताव, घासंल न्हाई तर काय हुईल? सांगितलं, तो पाय तयारीत असतो. कशाच्या तयारीत, म्हणाली. ठराव: बायकोशी टेक्निकल विषय काढायचे नाहीत.

रविवार, ५ फेब्रुवारी

अक्का आली होती. तिच्या शरणप्पाचं लग्न १९ तारखेला. मुलगी दुधनीची, लग्न तिकडेच. संध्याकाळच्या रेल्वेने नवरानवरी इकडे येणार आणि स्टेशनापासून बाळीवेशीतल्या अक्काच्या घरापर्यंत वरात. मुलीचे मामा शिवलिंगप्पा यांनी त्यांची नवी अँबॅसिडर देऊ केली होती. अक्का त्यांना म्हणाली, माझ्या भावाची गाडी आसताना दुसऱ्याची कशाला? हे ऐकून माझे डोळे भरून आले. फोडणीचा ठसका लागला म्हणून वेळ मारून नेली.

अक्काची एकच अट आहे. गाडीत बसल्यापासून घराचा उंबरा येईपर्यंत दोघांचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. तिच्या वरातीत बैलगाडीचा आस मोडला होता. नव्या शालूत चिखल तुडवत घर गाठलं आणि शरणप्पा पाळण्यात असतानाच दाजी गेले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही हे तिलाही समजतं. म्हणाली, कळतंय रे गुरू, पर भ्या वाटतंय. आई गेल्यावर या अक्कानेच मला वाढवलं. अंगणात उभं राहून शब्द दिला, गाडी बंद पडणार नाही.

आता क्लच ही माझी हौस राहिली नाही. घराण्याचं काम आहे.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

सिद्धाराम मिस्त्रीकडे गेलो. दोन रस्ते आहेत. पहिला, जुन्या प्लेटवर नवीन लायनिंग. संध्याकाळी गाडी घरी. सांगताना त्यालाच जांभई आली. दुसरा रस्ता सांगताना मात्र तो उठून उभा राहिला. त्याच्या साडूकडे पुण्याला एक रेसिंगचा क्लच पडून आहे. घाटातल्या शर्यतीत पळणाऱ्या गाडीचा. लायनिंगच्या जागी धातूच्या टिकल्या, स्प्रिंगा दुप्पट कडक. म्हणाला, सायेब, लागला की लागला, सुटला की सुटला. मधलं कायच न्हाई बगा.

मीही तसाच आहे. मधलं काही नाही.

आपल्या गाडीला बसेल का विचारलं. बशिवतो की, म्हणाला. टेम्पो उघडून उघडून बिचारा कंटाळला आहे. मोठं काम हाती आलं की माणूस कसा खुलतो! तरी घाई केली नाही. घरी जाऊन दोन्ही पर्यायांचा शांतपणे विचार करीन, असं सांगून निघालो.

सायं. ६. विचार केला. रेसिंग.

रविवार, १२ फेब्रुवारी

गाडी अजून सिद्धारामकडेच. प्लेटची भोकं जुळेनात म्हणून लेथवर काम चालू आहे. दुकानाला सायकलने जातो. व्यायामासाठी, असं सर्वांना सांगितलं आहे. जगदेवीने विचारलं, साध्या लायनिंगची गाडी आतापतूर चार दिस चालली आसती की न्हाई? तिला पुढचं बघण्याची सवय नाही.

बुधवार, १५ फेब्रुवारी

क्लच बसला! सिद्धारामला शेजारी घेऊन कुंभारीपर्यंत ट्रायल. काय सुटली! सिद्धाराम डॅशबोर्डवर थापा मारत ओरडत होता, इमान हाय, सायेब, उडतंय इमान! अक्कलकोट रोडवर एका एसटीला मागे टाकलं. ती थांबली होती, पण निघण्याच्या बेतात होती.

पेडल किंचित कडक आहे. परत येईपर्यंत डावी मांडी थरथरू लागली. चांगलं लक्षण. स्नायू जागे होत आहेत. पाय क्लचवर टेकवता येत नाही, वर फेकला जातो. म्हणजे जगदेवीची तक्रारही आपोआप मिटली.

पण तिच्याकडे दुसरी तयार होती. वरात मुंगीच्या पावलानं जाती, तितं ही कशी चालंल? म्हटलं, जो पळू शकतो तो चालूही शकतो. ताटं उचलून आत गेली. विचारात पडली असावी.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

दुकानाला गाडी. गल्लीत हळू नेताना तिने दोन-तीन उड्या मारल्या. मागच्या सीटवरच्या चादरींचा गठ्ठा माझ्या मानेवर आला. डब्यातली आमटी अंगावर. याला लोक दोष म्हणतील. मी उत्साह म्हणतो.

वरातीसाठी युक्ती ठरवली: पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला. या क्लचला अर्धं नसतं हे खरं. पण शेवटी पाय कुणाचा आहे? आजपासून डाव्या पायाने भिंत ढकलण्याचा सराव. भिंत दमेना. उद्यापासून जोमाने.

शिवलिंगप्पांचा पुन्हा निरोप आला, लागलीच तर अँबॅसिडर हाय. आमच्याकडे रेसिंगची सोय आहे, असं कळवलं.

सोमवार, २० फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. पाय उशीवर आहे. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

दुधनीचं लग्न झकास. गव्हाची हुग्गी तीनदा वाढून घेतली. संध्याकाळी स्टेशनाबाहेर सिद्धारामने झेंडूने मढवलेली गाडी उभी. मागे नवरानवरी, पुढे माझ्याशेजारी कलश घेऊन जगदेवी, बाजूने चालत अक्का. पुढे बँड आणि डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका. सिद्धाराम मला खुणेने सांगत होता, इमान!

बँड सुरू झाला. मी क्लच अर्धा सोडला.

क्लॅरिनेटवाला सूर न मोडता गटाराच्या पलीकडे गेला. कसलेला माणूस! नवरीचं बाशिंग नाकावर आलं. पुढच्या उडीला तिने सगळ्यांदेखत शरणप्पाचा हात धरला. त्यापुढच्या उडीला सोडलाच नाही. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हे श्रेय क्लचचंच आहे, कुणी मानो न मानो. बत्तीवाल्या बायका मात्र गाडीपुढे चालायला तयार होईनात, त्या मागे गेल्या. त्यामुळे पुढे अंधार आणि मागे दिवाळी. बँडवाले मान मागे वळवून वाजवू लागले.

पुढच्या चौकात माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. असा की जीभ चावली गेली. पाय पेडलवरून उडाला, गाडीने शेवटची उडी मारली आणि बंद पडली. स्टार्टर मारला. नुसता खोकला. पुन्हा मारला, तेवढाही नाही. बँड एकेक वाद्य करत थांबला.

शरणप्पा बिचारा सरळ पोरगा. मामा, मी उतरून ढकलतो, म्हणत त्याने दार उघडायला घेतलं. अक्काने बाहेरून ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. तशीच माझ्याकडे बघत राहिली. तिचा तो चेहरा मला बघवेना. काय क्लच आणि काय शर्यत, सगळं जिथल्या तिथे मरू दे असं वाटलं.

तेवढ्यात जगदेवीने कलश नवरीच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे सरकत म्हणाली, उतरा तुमी. ढकला जावा. मी धरते हे चाक. म्हटलं, तुला चालवता येत नाही. म्हणाली, चालवायचं कुटं हाय? वळवायचंच हाय की.

उतरलो. लंगडत मागे गेलो. सिद्धाराम आला, ढोलवाला आला, झब्ब्याच्या बाह्या सारत खुद्द शिवलिंगप्पा आले. माझ्या खांद्याला खांदा लावून त्यांनी जोर केला, अँबॅसिडरचं नाव काढलं नाही. मोठा माणूस. गाडी न्यूट्रलमध्ये निघाली ती पाळण्यासारखी. बत्त्या पुन्हा पुढे गेल्या, बँडला धीर आला. आपल्या गाडीला इतकं सुरेख चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. कारण नेहमी मी आत असतो.

जगदेवीने गाडीचं दार बरोबर घराच्या पायरीला आणून लावलं. नवरीचा पाय गाडीतून सुटला तो थेट उंबऱ्यावर. मधे माती नाही. अक्का रडली, जगदेवीच्या गळ्यात पडली, शरणप्पाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी मागे धापा टाकत उभा होतो. मग ती माझ्याकडे आली, स्वतःच्या पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, लई दमलास रे गुरू, पाणी पी. लहानपणी शाळेतून आल्यावर म्हणायची तसं. मलाही रडू आलं. काल फोडणी नव्हती, त्यामुळे कारण सांगता आलं नाही.

एक गोष्ट न्यायाने नोंदवतो. ढकलत असताना क्लच एकदाही घसरला नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी

सकाळी पलीकडच्या बोळातल्या वच्छलाबाई आणि त्यांचे यजमान आले. त्यांच्या थोरल्याचं लग्न आहे. वरातीला आमचीच गाडी हवी. बाई म्हणाल्या, आजवर इतक्या वराती बगितल्या, पर इतकी मऊ चाललेली गाडी बगितली न्हाई. धूर न्हाई, आवाज न्हाई. मी रेसिंग क्लचची माहिती द्यायला सुरुवात केली. यजमानांनी मधेच हात वर केला. इंजिन चालू करायचं न्हाई, एवढीच अट म्हणाले. चालवायला वहिनी पायजेत.

आणि मी, असं विचारलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, तुमी मागनं, डाव्या अंगाला. तितं आमच्याकडं माणूस कमी पडतोय.

विचार करून कळवतो, असं बाणेदारपणे सांगणार होतो. पण जगदेवीने आतून चहा आणताना तारीखही ठरवून टाकली होती.