ओढ्यापलीकडचा रविवार

सोमवार, ६ ऑक्टोबर १९२४

हरलो. चार-एक! आणि या अख्ख्या लीगमधला सगळ्यात चांगला गोलकीपर तेव्हा कुठे होता? माझ्या स्वयंपाकघरात. पडदे ओढून, बायबल मांडीवर घेऊन, शनिवारी उकडून ठेवलेले गार बटाटे खात!

ओढ्यापलीकडून सगळा आरडाओरडा ऐकू येत होता. "हा गोल आपला की त्यांचा?" मी विचारलं. टॉर्मॉड म्हणाला, "जेसी, आज रविवार आहे." जसं काही मला ठाऊकच नव्हतं!

काल हे लिहिता आलं नाही, कारण रविवार देवाचा: काम नाही, खेळ नाही, दौतसुद्धा कपाटात. नवऱ्याच्या लुईस बेटावर, तिकडे स्कॉटलंडच्या टोकाला, म्हणे शनिवारी संध्याकाळी कोंबड्यालाही टोपलीखाली कोंडतात. मी ग्लासगोची. आम्हीही चर्चला जातो, पण कोंबड्याला मोकळं सोडतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

एन्टविसल येऊन गेला. संघाचा कप्तान, इंग्लंडातल्या बोल्टनचा, ओरडून ओरडून घसा कायमचा बसलेला. टॉर्मॉडला इकडे अमेरिकेत आणला तो यानेच. नवी लीग, गिरणीत हलकं काम, राहायला घर — सगळं गोड गोड सांगितलं. घरचे सामने रविवारी असतात, एवढं मात्र सांगायचं राहिलं!

"मी कशाला सांगू?" म्हणतो. "मासेवाला कधी सांगतो का, बाई, मासा कालचा आहे म्हणून?"

शनिवारी गिरण्या दुपारपर्यंत चालतात, लोक मोकळे होतात ते रविवारीच. पण आमच्या राज्यात रविवारी तिकीट लावून खेळायला बंदी. मग क्लबच्या मालकाने काय केलं? ओढ्यापलीकडे दुसरं राज्य लागतं, तिथे मैदान बांधलं. पूल ओलांडून पन्नास पावलं!

टॉर्मॉड म्हणाला, "देवाला राज्याची हद्द दिसत नाही."

"मग त्याला नकाशा पाठवू," एन्टविसल म्हणाला. मला हसू फुटलं. टॉर्मॉडला नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

शनिवारी ब्रुकलिनला सामना होता, एक-शून्य जिंकले. टॉर्मॉडने म्हणे एक चेंडू असा अडवला की त्यांच्याच लोकांनी टोप्या उडवल्या. मग बाकीचे दहाजण रात्रीच्या बोटीने परतले. हा महाशय? बोट सकाळी पोचते, म्हणजे रविवारी प्रवास झाला! ब्रुकलिनमध्येच राहिला, कुण्या चर्चवाल्याकडे. सोमवारी संध्याकाळी उगवला. सोमवारचं काम बुडालं, आणि रविवारचा घरचा सामना पाच-दोनने गेला तो वेगळाच.

आणि मी? मी बोटीचं नाव ऐकून दोन दिवस जीव मुठीत धरून बसले होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोन रविवार. नऊ गोल खाल्ले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

टॉर्मॉडच्या जागी रविवारी अनसेल्मो उभा राहतो. चार गल्ल्यांपलीकडे बेकरी आहे त्याची. पोर्तुगीज, मनाने सोनं. शनिवारी रात्रभर पाव भाजायचा, पहाटे चर्चमध्ये मिस्सा गाठायची आणि दुपारी गोलमध्ये जाऊन डुलक्या घ्यायच्या! आज पाव आणायला गेले तर हात जोडून म्हणाला, "वहिनी, माझी सुटका करा हो. माझी गिऱ्हाइकं मला पीठ उडवून दाखवतात. काल एक म्हातारी म्हणाली, पावाला भोकं कमी पाड, जाळ्याला आधीच पुष्कळ आहेत."

मी म्हटलं, "तुझ्या टॉर्मॉडभाऊला सांग."

"त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

प्रार्थना! बचावफळीला भारी उपयोग!

इथल्या खेळाला हे लोक सॉकर म्हणतात. फुटबॉल म्हणजे यांचा तो दुसराच — लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि एकमेकांच्या अंगावर पडायचं. सगळंच उफराटं या देशात.

सोमवार, १ डिसेंबर

गिरणी आता आठवड्यात तीनच दिवस. आमच्या साचेखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, अकराजणींना घरी बसवलं. मी टिकले. मोराग म्हणते ते नवऱ्याच्या नावावर. माझ्या शेजारच्या साच्यावर असते ती, कॅनडातल्या केप ब्रेटनची म्हातारी. टॉर्मॉड भेटला की दोघं त्यांच्या गेलिक भाषेत सुरू! मी आपली खांबासारखी उभी. चार वर्षं झाली लग्नाला, 'चहा' आणि 'ये इकडे' याच्यापुढे माझी गेलिक जात नाही.

बाकीच्या बायका मला पाद्रीणबाई म्हणतात. "पाद्रीणबाई, या रविवारी किती गोल खाऊ घालणार?" खाली मान घालून धागा जोडत राहिले. चूक त्यांची नाहीच. त्यांचे नवरे आठवडाभर त्या एका दुपारची वाट बघतात.

रात्री जेवताना टॉर्मॉडला म्हटलं, क्लबने काढलं तर? गिरणी एक दिवससुद्धा ठेवणार नाही तुला. शांतपणे म्हणाला, "मग घरी जाऊ. बाबांची बोट आहे ना."

बाबांची बोट! त्याच बोटीतून बाप आणि थोरला भाऊ गेले. एकाच सकाळी. बोट तेवढी परत आली, किनाऱ्याला लागली, धुऊन पुसून ठेवली, आणि आता म्हणे ती वाट बघतेय. माझ्या नवऱ्याची वाट! मी ताट ढकलून उठले.

मी याच्याशी लग्न केलं ते याला जमिनीवर उभं राहून पोट भरता येतं म्हणून. दोन खांबांच्या मध्ये. कोरड्या मातीवर. बाकी मला काही नको होतं, आणि आजही काही नको.

शुक्रवार, २६ डिसेंबर

काल नाताळ म्हणून गिरणी बंद. टॉर्मॉडला तेही पटत नाही — बायबलात तारीख दिलेली नाही म्हणे! एक दिवस काम नको, एक दिवस सुट्टी नको. काय करू या माणसाचं!

बुधवार, ७ जानेवारी १९२५

झालं. मालकाचा निरोप घेऊन एन्टविसल आला. आज विनोद नाही, टोपी हातात. रविवार, १ मार्चला टॉर्मॉड मैदानात दिसला नाही तर करार संपला. घर महिनाअखेर रिकामं. "मी भांडलो गं जेसी," म्हणाला. "पण लीगमधले दोन क्लब याच हंगामात बुडालेत. मालकसुद्धा घाबरलाय."

तो गेल्यावर मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. देवाला कळायचं ते कळलं असेल. म्हटलं, तुझा देव काय गोलखांब मोजत बसलाय का? म्हटलं, तुला मी विधवा झालेली चालेल, पण गवतावर उभं राहायचं नाही! टॉर्मॉडने कोळसे सारले. मग म्हणाला, "सहा दिवस त्यांनी घ्यावेत. सातवा माझा नाहीच आहे, तर देऊ कुठून?"

असं बोलतो की भांडताही येत नाही. दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो.

गुरुवार, ८ जानेवारी

सासूबाईंना पत्र टाकलं. टॉर्मॉडला न सांगता. इंग्रजीत — गावचा मास्तर वाचून दाखवेल. सगळं लिहिलं. बोटीचंही. लिहिलं की तुम्हीसुद्धा नवरा आणि मुलगा त्या पाण्याला दिलात, माझं दुःख तुमच्याशिवाय कोणाला कळणार? तुम्ही एक शब्द टाका. तो फक्त तुमचं ऐकेल.

सोमवार, २६ जानेवारी

आमचे पाद्रीबुवा काल पुलावर दिसले म्हणे. कॉलर वर, टोपी डोळ्यांवर, सामन्याच्या वाटेने! साचेखात्यात दिवसभर हाच विषय. मी धावत घरी येऊन टॉर्मॉडला सांगितलं. म्हणाला, "बिचारे. थंडी फार होती काल."

शनिवार, १४ फेब्रुवारी

उत्तर नाही. पंधरा दिवस उरले. अनसेल्मोने हाताचं बोट मोडून घेतलं, आता तो पावही एका हाताने मळतो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

पत्र आलं! चार पानं, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात. आणि सगळं गेलिकमध्ये!! सासूबाई गेलिक बायबल वाचून अक्षर शिकल्या, त्यांना इंग्रजी कुठून येणार? मी मूर्ख, उत्तर कोणत्या भाषेत येईल हा विचारच केला नाही. पत्र माझ्या नावाचं, आणि मला त्यातलं माझं नाव तेवढं वाचता येतंय.

न्यायचं कोणाकडे? मोरागला वाचता येतं, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत अख्ख्या गिरणीला कळेल. आणि शेवटी ऐकायचं कोणाला आहे? टॉर्मॉडलाच ना? संध्याकाळी पत्र त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, मी तुझ्या चोरून लिहिलं होतं, काय ओरडायचं ते नंतर ओरड. आधी वाच.

ओरडला नाही. दिव्याजवळ धरून वाचलं. एकदा. मग पहिल्यापासून पुन्हा. माझा जीव टांगणीला! मग उठून खाली कोळसा आणायला गेला — बादली भरलेलीच होती. वर आला, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई म्हणते, खेळ."

"एवढंच? चार पानांत?"

"बाकी गाईचं आहे. बटाट्याचं. वारा फार आहे म्हणते."

मी त्याच्या गळ्यात पडले. रडले, हसले, वेड्यासारखी खोलीभर फिरले. धन्य त्या सासूबाई! मी इतकी वर्षं त्यांना कडक समजत होते.

सोमवार, २ मार्च

जिंकलो!! दोन-शून्य!

मी काल पहिल्यांदा पूल ओलांडला. केवढी गर्दी! अनसेल्मोने शेजारी जागा धरून ठेवली होती. टॉर्मॉड बाहेर आला तेव्हा जो काही गजर झाला! साचेखात्यातल्या त्याच बायका, "आमच्या पाद्रीणबाईंचा नवरा, आमच्या पाद्रीणबाईंचा नवरा" करत उड्या मारत होत्या. अर्ध्या तासाच्या आत त्याने तीन चेंडू असे काढले की अनसेल्मोने क्रूसाची खूण केली. "वहिनी, मी कधी आयुष्यात या जागी उभा होतो असं कोणाला सांगू नका."

एन्टविसलने मला मिठीच मारली. मालकाने आमच्यासमोर सांगितलं, करार दोन वर्षांनी वाढवतो. दोन वर्षं! कोरड्या जमिनीवर!

टॉर्मॉडने हात पुसले आणि घराकडे चालू लागला. जेवला नाही. दमला असेल.

सोमवार, ९ मार्च

पुन्हा जिंकलो. तीन-एक. आणि घरात हा असा, सुतक असल्यासारखा! काल सकाळी चर्चला आला नाही. मी एकटी गेले, म्हटलं असेल सामन्याची धास्ती. संध्याकाळी विचारलं, "अरे, आईचा आशीर्वाद आहे, पाद्रीबुवा टाळ्या वाजवतात, मग तुझं कुठे दुखतंय?" म्हणाला, "कुठे नाही, जेसी. तू झोपतेस ना आता नीट?"

झोपते की! काय प्रश्न! हवं ते मिळालं तरी हसायचं नाही म्हणजे काय? संताप येतो मला. उद्यापासून सासूबाईंसाठी शाल विणायला घेते. आभाराचं पत्रही गेलिकमध्येच लिहून घेईन मोरागकडून. आता कळेना का गिरणीला, लपवायचं काय त्यात?

शनिवार, १४ मार्च

अर्धी विणलेली शाल आणि सासूबाईंचं पत्र घेऊन मोरागकडे गेले. म्हटलं, आधी त्यांचं वाच, मग त्याप्रमाणे उत्तर लिही. पहिल्या पानावरच ती थांबली.

"पोरी, हे तुला कोणी वाचून दाखवलं?"

गाय नाही. बटाटे नाहीत. वारा नाही. लिहिलंय — 'जेसी, माझ्या मुलाला सांग. माणसं मी समुद्राला दिली, ती मला एक दिवस परत मिळतील. पण देवाचा दिवस विकून खाणारा मुलगा मला मेला. मग त्याने माझ्या दारात पाऊल टाकू नये, माझ्या मातीलाही येऊ नये.'

दोनदा वाचलं होतं त्याने ते. माझ्यासमोर.

उद्या सामना आहे. तो मागच्या पायरीवर बसून बूट घासतोय, आणि मला त्याच्याकडे जायला पाय उचलत नाहीत.