पहिला फोटो हौदाचा

गुरुवार, संध्याकाळ

विकलं! घर विकलं, आणि एजंटला दोन टक्के न देता. आज इसार हातात आला. धाकटे दीर म्हणत होते, "वहिनी, मोबाईलवर घर विकतंय व्हय? माझा एजंट हाय की." तो एजंट सहा महिने नुसता चहा पिऊन गेला. शेवटी मी ऑनलाइन कंपनीची ठरलेली फी एकदाच भरली आणि जाहिरात स्वतः लिहिली.

कंपनीची पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "काकू, पहिला फोटो हॉलचा टाका. हौद कोण बघतं?" मी म्हटलं, "बाळ, सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. पहिला फोटो हौदाचाच." नंतर वाटलं, उगाच हट्ट केला का?

आज जोडपं आलं. बाईंनी हॉलकडे बघितलंसुद्धा नाही. थेट अंगणात जाऊन हौदाचं झाकण उचललं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ह्यात आठवडा निघतोय की!" तिथंच ठरलं, मी सांगितलेल्या किमतीला. दिरांना लगेच फोन केला. लई बरं वाटलं!

फक्त एक. हे तो हौद खणत होते तेव्हा माझा मोगरा गेला म्हणून मी महिनाभर अबोला धरला होता. आज हे असते तर तोंडावर कबूल केलं असतं? छे. म्हणून इथं लिहिते: अहो, तुमचंच बरोबर होतं.