भांडू कोनासंग

दुसरबीड,
१२ फेब्रुवारी १९६५

चि. मोतीराम,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. इथं सगळे बरे आहोत, तुझी तब्येत कळव. वांगी यंदा चांगली निघाली. ज्वारी सोंगायले आली. बाबाचा गुडघा थंडीत धरते, बाकी ठीक.

तुझा सिनेमा जत्रेच्या तंबूत लागला होता. बाबा तवा म्हणे, "लिही त्याले, काम झकास केलं, लोकं पोट धरून हासले." त्यांचा निरोप मी लिहिला. आता माझं वाच.

तू नागपूरच्या रेडिओवर पहिल्यांदा बोलला, तवा आम्ही सगळे पंचायतीच्या रेडिओपुढं बसलो होतो. पंचविशीतला तू, अन् बुढ्याचा आवाज काढला. माय म्हणे, "हा माहा मोती नाही, हे तर कोनी म्हातारं होय." मग तू खोकलला अन् तिनं वळखलं. साऱ्या गावाले सांगत फिरली. तवापासून तुझं जे जे कानावर आलं, डोळ्यापुढं आलं, ते आम्ही सोडलं नाही. पोरांच्या नाटकात अस्वल झाला, सिनेमात हवालदार झाला, टांगेवाला झाला. कधी दोन वाक्यं, कधी तेही नाही, नुसती पाठ. तरी मी बायांले दाखवत होती, ती पाठ माझ्या भावाची. मले त्याची कधी लाज वाटली नाही. लाज आता वाटून राह्यली.

ह्या सिनेमात तुले मोठं काम भेटलं. गड्याची शेळी मरते अन् तो तिच्यापाशी बसून रडते. मी बायांच्या बाजूले होती, बाबा पुढं, तुझ्या भाऊजींजवळ. तू तोंड उघडलं अन् माझ्या अंगावर काटा आला. तुझा श्वास मधातच अडकला, मग आवाज एकदम बारीक होऊन फाटला. "आता मी भांडू कोनासंग वं? सांग ना, कोनासंग?" सारा तंबू हासला. माझ्याजवळची पुष्पाबाई डोळे पुसू पुसू हासत होती.

ते वाक्य कुठं ऐकलं तू, मोतीराम? मायले अंगणात तिरडीवर ठेवलं होतं. बाबाले दोघांनी धरलं होतं. तू खांबाले टेकून उभा होता, डोळे कोरडे. मले वाटलं, पोराले धक्का बसला. आता कळलं, तू ऐकून राह्यला होता.

सिनेमावाल्यांनी म्हटलं असंल, गावंढळ रडणं पाहिजे. अस्वलाचा आवाज काढता येते तुले, दहा बुढ्यांचे येतात. बाबाचाच काऊन काढला? अन् शेळीवर काऊन?

तंबूतून निघताना बाबा म्हणे, "बराबर केलं पोट्ट्यानं. अगदी तसंच." एवढंच. मले वाटलं, संपलं.

संपलं नाही. ते बाजारात भाजी घेऊन बसले की लोकं म्हणत, "किसनराव, म्हना बरं एकदा." अन् बाबा म्हणून दाखवत. वांगी तोलता तोलता. लोकं हासत, तेही हासत. मी रागावली की म्हणत, "पोराचं नाव होऊन राह्यलं, आपलं काय जाते?" अन् घरी येऊन भाकर तशीच ठेवत.

गेल्या बाजाराले मी तिथंच होती. उकंडराव कंडक्टर गाडीतून उतरला अन् म्हणे, "काका, होऊन जाऊ द्या." बाबानं तोंड उघडलं अन् मी मधात उभी राह्यली. म्हटलं, "हे शेळीवरचं नाही. माही माय गेली तवा हे असे रडले होते. झुंबरबाईवर. तुमच्यातले कितीक जन अंगनात होते, आठवा."

कोनी हासलं नाही. उकंडरावानं टोपी काढली अन् खाली पाहत राह्यला. मले बरं वाटलं. घडीभरच.

बाबानं वांगी तशीच सोडली अन् घरची वाट धरली. दारात मले म्हणे, "तुले कोनी सांगतलं होतं वं? लोकं हासत होते तवर मले ते चारचौघात म्हनता येत होतं. तेवढंच तिच्याशी बोलनं होतं माहं. तेही बंद केलं."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बाजारातही जात नाहीत. मी भाकर टाकते, झाकून ठेवते, माझ्या घरी येते. मी काय केलं ते मले समजते. पण त्याची सुरुवात तू केली, अन् हे मी तुझ्या तोंडावरही म्हणीन.

बाबाले पत्र लिहू नको. सिनेमाचा फोटो पाठवू नको. सोता ये. त्यांच्याजवळ अंगणात बस अन् मायवर रड. पण कोणाचा आवाज काढू नको. तुझा काही राह्यला असंल, तर त्यात रड.

ताई म्हणवून घ्यायची इच्छा उरली नाही, तरी तुझीच,
सिंधू