दाराबाहेरच्या चपला

अक्षया,

बांगडे साफ करून फ्रीजमध्ये ठेवलेत. हात थरथरतो, तुकडे वेडेवाकडे झालेत, चालवून घे.

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा तू दिलेला पत्ता मी फाडला नव्हता. गेले दोन रविवार भाट्याच्या समुद्रावर फिरायला जातो सांगून तिथेच गेलो आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो. दाराबाहेर दहा-बारा जणांच्या चपला असतात आणि आत माणसं खो खो हसत असतात. न पिता एवढं हसू कशाचं येतं, ते आज आत जाऊन बघतो.

स्कूटरची चावी तुझ्याकडेच असू दे, मी चालत जातो. खात्री करायला यायचं असेल तर ये. आत डोकावू नकोस, अंगठा शिवलेल्या माझ्या चपला दाराबाहेरच दिसतील.

बाबा